खुर्चीतला तपकिरी माणूस

“माझ्या खुर्चीत बसायचं नाही.”

नवऱ्याचा हा आवाज बाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला होता. नवरा गेला, आवाज गेला नाही. मावशींच्या दारात उभं राहून त्यांनी आधी तेच वाक्य सांगितलं. मग हलकेच म्हणाल्या, “मी ती खुर्ची रंगवली. आता ते परत येतात.”

मावशी लोकांच्या अडल्यानडल्या गोष्टींचा छडा लावत. सोबत कंपाउंडर, दवाखाना सुटला तरी नाव सुटलं नव्हतं.

दोघं बाईंच्या घरी गेले. भर दुपारी खोलीत सांज साचली होती. खिडकीशी चामड्याची आरामखुर्ची, तपकिरीची गडद निळी केलेली. पण डोकं टेकायच्या जागी तपकिरी गोल आणि दोन्ही हातांवर तपकिरी पंजे उमटले होते. बैठक मात्र निळीशार, अखंड. कुणीतरी बसलंय आणि त्याचं बाकीचं अंग दिसत नाही, असं वाटे. कंपाउंडर दारातच थबकले.

बाई पुन्हा पुन्हा रंग देत, माणूस पुन्हा पुन्हा उमटे. सांगताना त्या हातातल्या ओल्या फडक्याला पीळ देत होत्या. खुर्ची रोज सकाळी पुसायचा त्यांचा नेम होता. आता हे घर कायमचं सोडून बहिणीकडे जायचं ठरलं होतं. बॅग दाराशी भरून होती.

मावशींनी रंगवण्याची रीत विचारली. आधी स्पिरिटनं मळ आणि जुनी चकाकी उतरवायची, मग रंगाचे पातळ हात द्यायचे. स्पिरिटच्या वासानं बाईंना भोवळ येते, म्हणून पुसण्याचं काम मुलानं केलेलं.

वरच्या मजल्यावरच्या दिरानं कबूल केलं, की वहिनी गेली तर खोल्या त्याला मिळतील. पण गुडघे असे, की जिना उतरायला त्याला भुतापेक्षा जास्त वेळ लागतो. सुनेला खुर्ची कधीच आवडली नव्हती. ती म्हणाली, “खरवडत कशाला बसू? उचलून बाहेर नसती का ठेवली?”

मुलाचं वडिलांशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. सगळी खुर्ची पुसली, एवढंच तो खिडकीकडे बघत म्हणाला. पुसायच्या चिंध्या अजून डब्यात होत्या. तपकिरी झालेल्या, पण कोरड्या खडखडीत. तेलकटपणा कुठेच नाही.

मावशींनी वाकून खुर्चीच्या माथ्याचा वास घेतला. केसांच्या तेलाचा वास होता.

“दीरच येऊन बसत असणार,” कंपाउंडर कुजबुजले.

मावशींनी सगळ्यांना बसवलं.

“कुणी येऊन बसत असतं, माणूस असो की आणखी काही, तर आधी बैठक झिजली असती. तिथं रंगाला ओरखडाही नाही. म्हणजे इथं कुणी बसत नाही. रंग फक्त डोकं आणि हात टेकायचे तिथंच सुटतो. तिथं वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम मुरलाय. तेलावर रंग धरत नाही. ओलं फडकं फिरलं की निघतो. तुम्ही रोज सकाळी फडकं फिरवता, बाई. त्यांना तुम्हीच बाहेर काढता.”

“पण ते तेल तर स्पिरिटनं जायला हवं होतं,” कंपाउंडर म्हणाले.

“पुसलं असतं तर गेलं असतं, आणि चिंध्या तेलानं माखल्या असत्या. बाकी खुर्ची नीट पुसलीय. तेवढ्या तीन जागा कुणीतरी जाणून सोडल्या.”

सगळ्यांच्या नजरा मुलाकडे वळल्या. बाई त्याच्याकडे वळल्या. “मी घाबरून घर सोडायला निघाले, तरी तू गप्प राहिलास? इतका राग होता बाबांवर?”

मुलगा उठला. मग आईच्या पायाशी बसला.

“राग नव्हता, आई. स्पिरिटचा बोळा घेऊन वाकलो, तर त्यांच्या केसांचा, हातांचा वास आला. एवढाच उरला होता त्यांचा. मला नाही पुसवला.”