बॅटरी धरणारा

“बाई, तुमचं पाणी आमच्या देवघरात उतरलंय की.”

दारात नागप्पा उभे होते, हातात बादली घेऊन. खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. दोन वर्षं जिन्यात नुसती मान हलवणारा माणूस पहिल्यांदा बोलला, तेही तक्रार घेऊन.

मी आधीच संतापले होते. मुलाने पाठवलेल्या डिशवॉशरमधलं घाण पाणी बाहेर जाईना. दार उघडलं की सगळं स्वयंपाकघरभर. दर पाचव्या दिवशी नळाला येणारं आमचं पाणी, आणि ते असं फरशीवर. त्यात दुरुस्तीवाल्याने फोनवर विचारलं, “घरात कुणी पुरुषमाणूस आहे का?” मुलगा म्हणाला, “आई, तू हात लावू नकोस.” आमचे हे होते तेव्हाही तेच. फ्यूज बदलायला घेतला की हातातली पक्कड काढून घ्यायचे, “तू सर बाजूला.” एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि घरी मात्र बाजूला.

“हे मशीन मीच उघडणार आहे,” मी ठणकावलं.

“उघडा की. आत अंधार हाय. बॅटरी धरू का?”

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं...

मी प्लग काढला, वाटीवाटीने पाणी उपसलं, तळाची जाळी धुतली. शेंगाचटणीचा गाळ निघाला, पण पाणी जाईना. दुसऱ्या दिवशी मागचा पाइप सोडवला. मोकळा. नागप्पा बरोबर चार वाजता हजर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. माझी बोटं जिकडे, उजेड तिकडे. फक्त एकदा, मी कपाळावरची बट मागे सारली तेव्हा, तो भरकटला.

“इकडे धरा. पंप इथे आहे, माझ्या कानात नाही.”

“चुकलं, बाई.” पण हसत होते.

तिसऱ्या दिवशी पंपाचं झाकण खोललं. आतला चिमुकला पंखा फिरेना. बोटाला काहीतरी टणक लागलं — आमटीतला चिंचोका, पात्यात रुतलेला. चिमट्याने काढला, सगळं बसवलं, बटण दाबलं. पाणी गुरगुरत निघून गेलं.

“बघितलंत?”

“बघितलं की. पंपातच आसंल, हे पहिल्या दिवशीच वाटलं हुतं.”

माझं हसू आटलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तीस वर्षं गिरणीत जॉबर हुतो. बंद पडलेले यंत्रमाग चालू करायचे, ह्येच काम.”

“आणि तीन दिवस मला वाकवलंत? गुडघे बघा माझे. सांगितलं का नाही?”

“तुमालाच उघडायचं हुतं न्हवं...” बॅटरी विझवून ते हातात फिरवत राहिले. “आणि सांगितलं आसतं, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आलो आसतो?”

मी पक्कड पुसायला घेतली. राग तर होताच.

“आमचा मिक्सर बिघडलाय,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “उद्या बघाल का?”

“काय झालंय त्याला?”

“अजून काय न्हाय. सकाळपतोर होईल.”

मी रागानेच दार लावलं. पक्कड मात्र जागेवर ठेवली नाही. पिशवीत टाकली.