झाकण उघडं आहे

या, बसा सगळे. उद्यापासून तुम्ही पोरं पॅनेलच्या कामाला लागणार, म्हणून आजच सांगून टाकतो. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची आहे, आणि त्या रात्री फोनच्या या टोकाला मी होतो.

आमचे मेहुणे कंट्रोल इंजिनियर. घरातला पंखा दुरुस्त करायला सहा महिने लावतील, पण पीएलसीच्या, म्हणजे यंत्राच्या मेंदूच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका टाइल्सच्या कारखान्याचं काम त्यांच्याकडे आलं. माती कालवायचा मिक्सर. खोलीएवढा ड्रम, आत मांडीएवढी जाड पाती. सात महिन्यांपूर्वी त्या मिक्सरवरचे काका पाती खरवडायला आत उतरले होते. बाहेर कुणीतरी बटण दाबलं...

असो.

तेव्हापासून मिक्सर बंद, कारखाना कसाबसा चाललेला. मेहुण्यांनी महिनाभर बसून नवा आराखडा केला. कोणता सेन्सर कुठे, आधी काय चालणार, मग काय, सगळं कागदावर. त्यात पहिलीच अट अशी, की झाकण बंद असेल तरच मोटर फिरेल. पण झाकणाचा स्विच काही वेळेवर आला नाही. मालक म्हणाले, “शुक्रवारी सकाळी सहाला मिक्सर फिरला नाही तर मी कुलूप लावतो. एकशे चाळीस माणसांना घरी जा म्हणून तुम्हीच सांगा.”

मेहुण्यांनी स्विचच्या जागी वायरचा एक तुकडा जोडला. आता झाकण उघडं असलं तरी पीएलसीला ते बंदच दिसणार. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

गुरुवार, एकवीस नोव्हेंबर. जेवण करून नऊला ते निघाले. बहिणीला म्हणाले, “शेवटची चाचणी आहे. बारापर्यंत येतो.”

एक वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

“दादा, झोपला होतात?”

“मग काय नाचत होतो? काय झालं?”

“मिक्सर सुरू होत नाहीये. स्क्रीनवर येतंय, झाकण उघडं आहे. मी चार वेळा जाऊन बघून आलो. बंद आहे, दादा. घट्ट बंद.”

“तुमची ती वायर सुटली असेल.”

“वायर जागेवर आहे. शेवटी मी ती अटच काढून टाकली. प्रोग्रॅममध्ये झाकण हा शब्दसुद्धा नाही आता. तरी तेच येतंय.”

आवाज रडवेला होता. तीन रात्री झोपला नव्हता तो माणूस. मी म्हटलं, घरी जा, सकाळी बघू.

“सकाळी? सहाला ती माणसं दारात उभी राहतील, दादा. त्यांना काय तोंड दाखवू? मी स्टार्ट दिलेलाच ठेवलाय. कधीतरी घेईल...”

तेवढ्यात मला फोनमधून आवाज आला.

ठक.

“काय पडलं हो?” मी विचारलं.

त्यांची खुर्ची मागे सरकली.

ठक... ठक.

“दादा,” ते अगदी हळू म्हणाले, “आतून येतोय.”

“वॉचमन असेल.”

त्यांनी हाक मारली. वॉचमन! अहो वॉचमन! कोणी ओ दिली नाही.

“आत माणूस आहे, दादा. मी स्टार्ट दिलाय... आणि आत माणूस आहे!”

फोन टेबलावर टाकल्याचा आवाज. पळत गेलेली पावलं. मी ओरडलो, “आधी मेन बंद करा! मेन!”

ऐकायला कोणी नव्हतं.

झाकणाची कडी निघाली. मग त्यांचा आवाज, लांबून, घुमणारा. डोकं आत घातलेल्या माणसाचा आवाज.

“कोण आहे? हात द्या... हात द्या इकडे... थांबा, मी आत उतरतो...”

मग काहीच नाही.

मी कानाला फोन लावून उभा. मोजत होतो. का, कोण जाणे. अकरापर्यंत आलो.

खट.

पॅनेलमधला तो खटका मी तीस वर्षं ऐकलाय. मोटर घेतल्याचा खटका.

आणि मिक्सर फिरायला लागला.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बायको उठून आली, एवढं आठवतं. स्कूटर काढली. वीस मिनिटांचा रस्ता. वाटेत एकच विचार, बहिणीला काय सांगू?

मी पोचलो तेव्हा मिक्सर फिरतच होता. मेहुणे झाकणापासून दहा पावलांवर जमिनीवर बसलेले. जिवंत. अंगावर ओरखडा नाही. दातखीळ बसलेली. वॉचमन पार गेटवर, शेकोटीपाशी. त्याला हाक ऐकूच गेली नव्हती. मी मेन पाडला आणि बॅटरी घेऊन ड्रममध्ये पाहिलं. रिकामा. धुऊन ठेवलेला, कोरडा ठणठणीत.

सहाला माणसं आली. मेहुणे मालकांसमोर उभे राहिले. “स्विच बसल्याशिवाय हा फिरणार नाही. लावा कुलूप.” मालक खूप बोलले, वाट्टेल ते बोलले. कुलूप मात्र लावलं नाही. सोमवारी स्विच आला. आज तिथे झाकण उघडलं की मेनच पडतो, आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस माणसं कामावर आहेत.

मेहुण्यांना मी एकदाच विचारलं, बाहेर कसे पडलात? म्हणाले, “मी नाही पडलो, दादा.”

त्याच शुक्रवारी दुपारी बहिणीने मला मोरीत बोलावलं. त्यांचा शर्ट हातात धरून उभी होती. कॉलर मागून उसवलेली, मुठीत धरून ओढल्यासारखी चुरगळलेली. आणि कॉलरवर चार बोटं उमटलेली...

टाइलच्या मातीची. ओली.