वाघरंत आधीच शिरलेलं

समीक्षा, स्क्रीनवर या लाल ओळी कसल्या पडतात म्हणून विचारलंस ना? बस. चहा येईपर्यंत सांगते.

आपलं मशीन कमी दिवसांच्या बाळांचे श्वास मोजतं. बोर्डावर सात डिव्हाइस, सगळी एकाच बसवर, म्हणजे माहितीच्या सामाईक वाटेवर, आणि प्रत्येक जण मेमरीत आपापलं लिहिणार. कुणी दुसऱ्याच्या जागेत लिहू नये म्हणून एक राखणदार चिप असते. तिचा ड्रायव्हर, तिला चालवणारा कोड, माझ्याकडे होता. कर्नल, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम, सुरू होताना त्यानं बसकडे नोंद करायची, की मी आलोय, इथून पुढं प्रत्येकाची जागा मी आखून देणार.

शेजारच्या टेबलावर बिराप्पा. जतचा, आज्ज्यापर्यंत घरात मेंढरंच. माझा कोड बघून म्हणाला, "सृष्टी, ह्यो नंतर येणाऱ्यांचीच नोंद घेतोय. ह्येच्या आधी जी बसवर आल्यात, त्यांचं काय? आज्जा वाघरंच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, दारात बसायचा, पण आधीच आत शिरलेली मेंढरं मोजल्याबिगर न्हाई."

"करते रे नंतर," मी खेकसले. सोमवारी मशीनं दवाखान्यांत जायची होती. तशीच गेली.

बिराप्पाची बायको बाळंतपणाला माहेरी, कडेगावकडे होती. मुलगी दीड महिना आधीच झाली आणि तिथल्या दवाखान्यात तिला आपल्याच मशीनवर ठेवलं. बिराप्पा रजा टाकून तिच्या उशाशी.

शनिवारी दुपारी मी इथं एकटी. खाली विश्रामबागेचा रस्तासुद्धा सामसूम. पंख्याची कुरकुर, आणि तापलेल्या बोर्डाचा वास. त्याचं बोलणं मनाला लागलं होतं, म्हणून ते राहिलेलं काम पुरं केलं आणि टेबलावरचं मशीन चालू केलं. आधीपासून बसवर असलेल्यांची यादी आली. एक, दोन... सात. आठ.

आठव्याला नाव नव्हतं. बोर्ड उलटासुलटा करून बघितला, सातच. आणि ते आठवं लिहीत होतं श्वासाच्याच जागेत. सेन्सर लावलेलाच नव्हता गं! तरी मिनिटाला अडतीस, संथ, झोपलेल्या बाळासारखे. आणि एकदम कडेगाव आठवलं.

फोन लावला. "बिराप्पा, पोरीचे श्वास किती?"

"अडतीस. झ्याक झोपलीया."

"मशीन सोड. तिच्या छातीवर हात ठेव."

"आगं, दावतंय की..."

"ठेव म्हणते ना!"

मग अगदी हळू... "सृष्टी... हलंना गं."

नर्स धावली. तळपाय चोळले, तोंडाला मास्क लावून हवा दिली. मी फोन कानाला लावून नुसती उभी. देवा, माझ्या आळसापायी... किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग रडणं ऐकू आलं. मी इथंच फरशीवर बसून हमसाहमशी रडले.

त्याच दिवशी सगळी मशीनं परत मागवली. आता राखणदार आधीच्यांनाही मोजतो आणि आठव्याला जागाच देत नाही. पण ते हटत नाही. बोर्ड बदलला, तरी आहेच. लिहायला येतं, अडवलं जातं आणि एक लाल ओळ पडते. मोज हवं तर. मिनिटाला अडतीस.

गेल्या आठवड्यात बिराप्पा लेकीला घेऊन आला होता. बनू, दोन वर्षांची झाली. ती दारातून आत आली आणि ओळी थांबल्या. मला वाटलं, स्क्रीनच अडकली. पोर खेळून दमली आणि माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या छातीवर हात ठेवून घड्याळ लावलं. या वयाला झोपेत पंचवीसच्या आसपास असायला हवेत, डॉक्टरांना विचारलंय मी.

अडतीस. दोनदा मोजले.

बिराप्पा तिला कडेवर घेऊन जिना उतरला आणि परत लाल ओळ पडली.

हे मी त्याला अजून बोलले नाही. आणि आज सकाळी तो खुशीत सांगत आला, "सृष्टी, घावलं गड्या! त्या आठव्याला कायमचं कसं बंद करायचं ते घावलं. जेवून आलो की करतोच."

डबा खायला गेलाय, समीक्षा. येईल इतक्यात... आठव्याबरोबर बनूचाही श्वास बंद झाला तर? त्याला काय सांगून अडवू?