बंदीच्या रानातली खुंटं

पाट तीन दिवस कोरडा होता आणि जव नुकते दुधात आले होते. वर डोंगरात पाणी कुठे अडलंय ते शोधून मोकळं करायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो: म्हातारे पाटकरी बासूदादा, माझी नणंद तूदा आणि मी. धडधाकट पुरुष सगळे मराकेशला मजुरीला गेलेले. चाळीस वर्षं झाली, पण पाटाकडेला सुकत चाललेल्या पुदिन्याचा त्या सकाळचा वास अजून मला येतो.

गुरुवार होता, माझा नेहमीचा रोजा. तूदा म्हणाली, "आजचा तरी सोडायचास, इझा. कड्यावर चक्कर आली तर उचलणार कोण? दादांना तर त्यांचेच गुडघे उचलत नाहीत."

"गुडघे तुझ्या जिभेपेक्षा कमी चालतात पोरी," बासूदादा म्हणाले, "पण नीट चालतात."

कड्यात कोरलेल्या कोरड्या पाटातूनच वर चढायचं होतं. एके ठिकाणी पाट खचला होता. चार हात नुसती पोकळी, खाली दरी. दादांनी माझ्या कमरेला दोर बांधला. मी उडी मारली. पाय टेकला. दगड सुटला. मी लोंबकळले! दोघांनी दातओठ खाऊन मला मागे ओढलं.

"उपाशी असूनही जड आहेस गं," तूदा धापा टाकत म्हणाली.

मग शेळ्यांच्या वाटेने लांबचा वळसा घेतला. दुपार टळता टळता घळीत पोचलो आणि जागीच थबकलो. वरचा उतार सरकून घळ बुजली होती. दगडमातीच्या त्या बांधामागे दोन पुरुष खोल पाणी साचलेलं, निळं आणि निश्चल.

तो उतार मी ओळखला. ते बंदीचं रान, आमचं अग्दाल. दवंडी होईपर्यंत तिथे शेळी न्यायची नाही, हिरवी काडी तोडायची नाही. मी हिरवी तोडली नव्हती. थंडीत सासूबाई खोकत होत्या, म्हणून काटेरी झुडपांची मेलेली खुंटं मुळासकट उपटून नेली होती, सात भारे. मेलेल्याला कसली बंदी, असं मनाशी म्हणत.

"दादा, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

तूदा खाली बघत म्हणाली, "त्या विस्तवावर मीही हात शेकलेत."

"खुंट मेलं तरी मुळं माती धरून असतात," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी कुदळ उचलली. मधला धोंडा हलवला की सगळं पाणी सुटणार होतं. "संध्याकाळच्या आत पाट भरते, दादा."

"भरेल. आणि पाटाबरोबर शेतंही वाहून जातील. ठेव ती."

कडेच्या अखंड खडकाला लागून आम्ही हातभर वाट मोकळी करू लागलो, एकेक दगड उचलून. धार सुटली. वरून खडे घरंगळले. मग मूठमूठ माती. मग उतार करकरला.

"पळा!"

पळालो. मागे धाडकन ढीग कोसळला. धुरळा बसल्यावर पाहिलं, तर खडकाकडेची वाट शाबूत होती. मनगटाएवढी धार वाहत होती. उतार पुन्हा सुटेल म्हणून बाकीचं तळं तसंच सोडून आम्ही परतलो. वाटेत मावळतीला दादांनी ओंजळभर पाणी पुढे केलं, त्यावर मी रोजा सोडला.

तेवढ्या धारेवर वरची शेतं तगली. खालची वाळली, आमचंही त्यात. जमातीपुढे, गावच्या पंचांपुढे, मी स्वतः उभी राहिले. रिवाजाप्रमाणे दंड झाला: गावजेवण. त्या उताराला सात वर्षं बंदी, मेलेल्या काडीलाही.

जेवणाच्या दिवशी जुन्या जवांच्या पिठाचे कुसकुसचे दाणे वळायला बसले, तोच दार वाजलं. ज्यांची शेतं वाळली होती त्या बायका उभ्या होत्या, बाह्या सरसावून.

"सरक तिकडे," त्यांतली थोरली म्हणाली. "तू एकटी वळत बसलीस तर ईदपर्यंत उपाशी राहू आम्ही."