पटाच्या कोपऱ्यातला शब्द

"मला कुणीतरी मारणार आहे," खुर्चीत टेकायच्या आधीच ताई म्हणाल्या. गुप्तहेर मावशींनी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच बाजूला सारला.

ताई पटावर अक्षरांच्या सोंगट्या लावून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळातल्या नावाजलेल्या खेळाडू. परवा अंतिम सामना. जिंकल्या, की परदेशात शिकवायची नोकरी. पण तीन दिवस रोज सकाळी घरातल्या पटावर एक लांब इंग्रजी शब्द मांडलेला! पेनकिलर. अनस्किल्ड. आज ओव्हरकिल.

"प्रत्येकाच्या पोटात किल, म्हणजे ठार मार! मी सामन्यातून नाव काढून घेते."

मावशी आपल्या भाच्याला घेऊन ताईंच्या घरी गेल्या. शब्द अजून पटावर होता, वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून. घरात वावर दोघांचाच: धाकटी बहीण आणि घराची किल्ली बाळगणारा, ताईंकडे खेळ शिकणारा शिष्य.

"ज्याला खेळ येतो तोच गुन्हेगार!" भाच्याने निकालच लावला.

"आईशप्पथ, मी नाही!" शिष्य पांढराफटक पडला.

"पट रिकामा कर. कुठलाही शब्द मांड," मावशी म्हणाल्या.

त्याने पटाच्या बरोबर मध्ये चांदणी छापलेल्या घरावर अक्षरं लावली. "पहिला शब्द इथूनच जावा लागतो, मावशी. नियमच आहे."

धाकटी कपड्यांना इस्त्री करत होती. "मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"ताई, तुम्ही शब्द पाठ कसे करता?"

"रोज मोठ्याने, एकेक अक्षर सुटं म्हणत. तीच अक्षरं पोटात असलेल्या शब्दांची माळच असते. पेनकिलर, अनस्किल्ड, ओव्हरकिल..." ताई पुढचा शब्द आठवू लागल्या.

"किलजॉय," मान वर न करता धाकटी म्हणाली.

मावशींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "उद्याचा शब्द हाच ना? खेळाडूचा हात सवयीने चांदणीवर जातो. तू वहीत लिहावं तसं कोपऱ्यातून सुरू केलंस."

"शिष्याने मुद्दाम कोपऱ्यात मांडला असेल तर?" भाचा अडून बसला.

"अरे शहाण्या, लपायचं असतं तर खेळाडूचेच शब्द कशाला निवडले असते? हिच्याकडे ऐकून ऐकून पाठ झालेले तेवढेच शब्द होते."

ताई भिंतीला टेकल्या. "तू? मला मारणार होतीस?"

"काहीतरीच काय गं!" धाकटीला रडू फुटलं. "तू घाबरलीस, की लहानपणापासून माझ्या खोलीत झोपायला येतेस. नाव काढून घेतलं असतंस, तर इथेच राहिली असतीस. एकटीने या घरात... मला फार भीती वाटते, ताई."

मग ताईंनी तिचे डोळे पुसले.

"परवा मी खेळणार," त्या म्हणाल्या. "पण आज तू माझ्या खोलीत ये. आज घाबरायची पाळी तुझी."