अठरा नंबरची जागा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. खोटं सांगून मला कुणी दमडी देत नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो बद्रीनाथ माझा सख्खा मावसभाऊ.

मे २०१८. संभाजीनगर, औरंगपुऱ्यातली दुसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका.

आणि रात्र नाही बरं का... भर दुपार.

बद्री सीएफए करत होता, म्हणजे शेअर-गुंतवणुकीची ती तीन लेव्हलची अवघड परीक्षा. दुसरी लेव्हल, तिसरी खेप. दोनदा आपटला, दोन्ही वेळा इक्विटीत. कंपनी बघायची आणि तिच्या शेअरची खरी किंमत काढायची, एवढंच काम. पण त्यानंच गड्याला रडकुंडीला आणलं होतं. वय एकतीस, नोकरी सोडलेली. फी भरायचा थोरला भाऊ काकासाहेब, वाळूजच्या कंपनीत राबून. या खेपेला तो स्पष्टच म्हणाला, "बद्री, ही शेवटची. पुढं माझ्याच्यानं व्हनार नाय."

अभ्यासिकेतली बाकी पोरं तलाठी नाहीतर पोलीस भरतीची. दोन वाजले की सगळी मेसला पळायची. बद्री डबा आणायचा, म्हणून एकटाच उरायचा.

त्या दुपारी लाइट गेली. पंखे थांबले.

आणि प्लायच्या भिंतीपलीकडून, अठरा नंबरच्या जागेवरून आवाज आला...

टक. टक. टक-टक.

कॅल्क्युलेटरची बटणं.

बद्री आधी खूषच झाला. भरतीच्या पोरांना कॅल्क्युलेटर कशाला लागतोय? म्हणजे आपल्यासारखंच कुणीतरी आलं! दोन वर्षांत त्याला या विषयावर बोलायला माणूस मिळाला नव्हता.

मग पुटपुटणं सुरू झालं.

"तीन वर्षं जोरात वाढ... मग कायमची संथ..."

बद्रीनं आपल्या पुस्तकात पाहिलं. तेच उदाहरण. तेच पान.

"एक... दोन... तीन... चार..."

बटणं. मग लांब उसासा.

"नाय आलं."

परत पहिल्यापासून.

चूक बद्रीला लगेच कळली. तिसऱ्या वर्षाअखेरच्या किमतीची आजची किंमत काढायची, तर तीनच वर्षं मागं यायचं असतं. हा चार येत होता. नवखे हमखास इथंच घसरतात.

हसून तो उठला, पलीकडं डोकावला...

खुर्ची रिकामी. टेबलावर बोटभर धूळ.

संध्याकाळी झाडायला साळूबाई आली. तिला विचारलं, "मावशी, अठरा नंबर कुणाचा?"

तिचा झाडू थांबला.

"पिशोरच्या सांडूचा. तुमच्यावानी बटनं दाबायचा दिवसभर. परीक्षेच्या तोंडावर ताप डोक्यात गेला... चार वर्सं झाली. त्याचा बाप कडूबा अजून म्हैन्याला येऊन फी भरतो. म्हनतो, पोरगं बसतं माझं, जागा मोडू नका. म्या तर तिकडं झाडत बी नाय."

शहाणा असता तर दुसरीकडं गेला असता. पण फी भरलेली, परीक्षा जवळ आलेली. हा तिथंच बसला.

बारा दिवस. रोज दोन वाजता तेच उदाहरण, तेच चार, तोच उसासा. बद्रीचा स्वतःचा अभ्यास ठप्प झाला. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर कीवही आली होती त्याला. मरूनसुद्धा सुटका नाही म्हणजे काय!

तेराव्या दिवशी त्याच्या तोंडून गेलंच, "अरे बाबा, तीन! चार नाय, तीनच वर्षं मागं ये!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पलीकडची बटणं थांबली.

मग बटणं... हळूहळू.

आणि प्लायला अगदी तोंड लावल्यासारखं, कानाशी...

"आलं की, दादा."

त्यानंतर पलीकडं कधीच आवाज झाला नाही.

जूनमध्ये मुंबईला पेपर झाला. तसलंच उदाहरण आलं. बद्री शपथेवर सांगतो, तो तीनच मोजत होता. पण दरवेळी बोट चारवर जायचं. खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा चार.

नापास. पुन्हा इक्विटीतच. काकासाहेब ओरडलासुद्धा नाही, नुसता उठून कामावर गेला. ते बद्रीला जास्त लागलं.

तो पुस्तकं आणायला अभ्यासिकेत गेला, तर दारात धोतर नेसलेला एक म्हातारा पेढे वाटत होता. कडूबा.

"पोरगं पास झालं माझं," म्हातारा रडत होता. "सपनात आलं. तुमीच बद्रीनाथ ना? तुमचं नाव घेतलं त्यानं. म्या अठरा नंबरची वर्साची फी तुमच्या नावानं भरली बघा."

"माझ्या? कशाला, आबा?"

म्हाताऱ्यानं त्याचा हात घट्ट धरला.

"ते म्हनलं, मी सुटलो. पन ज्यानं शिकिवलं, त्याला आता लई वर्सं बसायचंय."

सात वर्षं झाली. बद्री रोज त्या अठरा नंबरवरच बसतो. काकासाहेबानं हात जोडले. मी शिव्या घातल्या, एकदा तर दंडाला धरून ओढला. नुसता वर बघून म्हणाला, "एवढं एक येऊ दे. मग परीक्षा देतो."

समोरचं पुस्तक मिटलेलं होतं, बोट मात्र कॅल्क्युलेटरच्या चारवरच होतं. मी एकटाच जिना उतरलो, आणि त्याला आणायला परत कधी गेलो नाही.