रस्त्याला कान लावणारा माणूस

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या दवाखान्यासमोर गुडघे टेकून बसला होता. हातात छातीएवढ्या उंचीची स्टीलची सळई. तिचं एक टोक फुटपाथवरच्या लोखंडी झाकणाच्या आत गेलेलं, दुसरं डाव्या कानाला लावलेलं, आणि डोळे मिटलेले. मला कामावर पोचायला उशीर झाला होता. माझ्या चपला टकटक वाजत होत्या.

त्यानं डोळे न उघडताच हात वर केला.

"थांबा जरा. पावलं वाजतायत."

मी थांबले. एक पाय उचललेलाच होता. तो खाली ठेवावा की नाही, कळेना.

"किती वेळ?" मी हळूच विचारलं.

"पाणी बोलेपर्यंत."

पाणी काही बोललं नाही. त्यानं डोळे उघडले, माझ्या अधांतरी पायाकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "ठेवा आता. इतकं कुणी ऐकत नाही हो माझं."

आमच्या भागातलं पाणी जाऊन तेव्हा एक दिवस झाला होता. आदल्या दिवशी सकाळी नळानं आधी खोकून दाखवलं, मग फुसफुस हवा सोडली, आणि मग गप्प बसला. कोपऱ्यावर टँकर उभे राहिले. आई बादल्या घेऊन रांगेत आणि मी पातेली घेऊन तिच्या मागे, असं आमचं घर रस्त्यावर आलं होतं. गाडीवरून सांगत फिरत होते की मोठी जलवाहिनी फुटली आहे, मिळेल ते पाणी उकळून प्या. पण फुटली तर कुठे? रस्ता कोरडा ठणठणीत. एवढं पाणी गेलं तरी कुठे? सगळे वैतागले होते आणि मला मात्र उत्सुकता छळत होती. आई म्हणते, लहानपणापासून माझं हे असंच आहे. घराला आग लागली तरी मी आधी विचारेन, काडी कुणी ओढली.

त्यामुळे दुपारच्या सुट्टीत मी त्याला गाठलंच.

त्याला सगळे 'गळतीवाला' म्हणत. पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालची गळती ऐकून शोधायची, हे त्याचं काम. त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. आधी एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि टाकीवरचा काटा बघायचा. ज्या तुकड्याचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाण्याची धाव एकदम थांबते, गळती त्याच तुकड्यात. तो तुकडा सापडला होता, आमच्या दवाखान्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा. आता त्यात थोडं पाणी सोडून नेमकी जागा ऐकायची होती. म्हणून तर रस्ता वाहनांना बंद होता.

"आणि तुम्ही काय करता, डॉक्टर?"

"मी डॉक्टर नाही. डॉक्टर बाई आत आहेत. मी लोकांना किती ऐकू येतं ते तपासते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे आपण दोघं एकाच धंद्यातले."

"तुम्ही जमिनीचं ऐकता. मी माणसांचं."

"माणसं जास्त गळतात," तो म्हणाला, आणि मला इतकं हसू आलं की बाजूचा खोदणारा माणूस फावडं टेकून बघायला लागला.

मी त्याच्याकडे सळई मागितली. नियमात बसत नाही म्हणाला, मग दिलीच. औषधाच्या दुकानासमोरच्या झाकणात तिचं टोक टेकवून मी कान लावला. आधी माझंच काळीज ऐकू आलं, जरा जास्तच जोरात. मग त्याच्याही पलीकडे एक बारीक, धारदार आवाज... दातांच्या फटीतून कुणी श्वास सोडावा तसा.

"इथे काहीतरी आहे," मी म्हणाले.

त्यानं सळई घेतली, डाव्या कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. मान हलवली. इथे काहीच नाही, नवख्याला स्वतःच्या कानातलं रक्तही पाण्यासारखं ऐकू येतं, असं अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं. शाळेच्या फाटकाजवळ त्यानं खडूनं गोल काढला.

चारपर्यंत तिथे पुरुषभर खड्डा झाला. आत कोरडी माती. आदल्या दिवसापासूनचा तो दुसरा कोरडा खड्डा होता. त्याचे साहेब, खात्याचे इंजिनियर, सज्जन पण घायकुतीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी सर्वांसमोर सांगितलं की उद्या अकरा वाजता मशीन येईल आणि रस्ता टोकापासून टोकापर्यंत उकरायचा. निदान आठ दिवस. कोपऱ्यावर बाळंतपणाचं इस्पितळ होतं, ते टँकरवर चाललं होतं, तिथली मोठी नर्स दर तासाला येऊन विचारून जायची. आणि गळतीवाल्याला साहेब म्हणाले, तू उद्यापासून ऑफिसात बस. खोदणाऱ्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, याचे कान निवृत्त झालेत.

तो सळई पुसत बसला.

मला जे वाटत होतं ते बोलावं की गिळावं, हे ठरवण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी बाहेर जाऊन म्हणाले, "चहा केलाय. टँकरचं पाणी आहे, पण उकळलंय. या आत. आणि... आल्यासारखे कान तपासून जा."

तो चटकन म्हणाला, "माझे कान हे माझं पोट आहे."

"म्हणूनच."

आमची तपासणीची खोली कपाटाएवढी. दार लावलं की बाहेरचं जग बंद, मध्ये फक्त एक काच. काचेच्या आत तो, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मी. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच. मी उजव्या कानापासून सुरुवात केली. आवाज बारीक बारीक करत नेला, तरी तो बटण दाबतच होता. पानावरून मुंगी चालावी इतका बारीक आवाज त्यानं टिपला आणि काचेतून माझ्याकडे बघून, लहान मुलासारखा, भुवया उडवल्या.

मग डावा कान. खालचे सूर ठीक. वरच्या सुरांशी आले आणि त्याचा हात थांबला. मी आवाज वाढवला. तो शांतपणे माझ्याकडे बघत होता, आवाज यायची वाट बघत. मी आणखी वाढवला. आवाज त्याच्या कानात वाजत होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. रोज मी हे दहा माणसांबाबत बघते. त्या दिवशी मात्र कागदावर खूण करण्याआधी मी तोच सूर पुन्हा दोनदा वाजवून बघितला.

विचारल्यावर कळलं की या कामाआधी आठ वर्षं तो रस्ता फोडायचं यंत्र चालवायचा. डाव्या अंगाला टेकवून, मान तिकडेच झुकवून. मी आलेख त्याच्यासमोर ठेवला आणि सरळ सांगितलं. डाव्या कानाचे बारीक आवाज गेले आहेत, ते परत येणार नाहीत. उजवा मात्र माझ्याहून चांगला आहे.

"हे कुणाला सांगणार?" त्यानं विचारलं.

"कुणालाही नाही. कागद तुमचा आहे."

त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली. चहाला हातही न लावता उठला. दारात थांबून म्हणाला, "दहा वर्षं याच कानानं ऐकतोय मी. माझ्या वस्तादांनी डावा कान लावायला शिकवलं." आणि गेला.

घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती बादलीवर फडकं बांधत होती. म्हणाली, खरं सांगितलंस ते बरं केलंस, पण खरं गिळायला माणसाला एक रात्र तरी द्यावी. मग जरा थांबून तिनं विचारलं, लग्न झालंय का त्याचं? मी म्हणाले, ते मी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाले. तो औषधाच्या दुकानासमोर होता, गुडघ्यांवर. सळई उजव्या कानाला. मला लांबून बघून त्यानं बोट हलवलं, या म्हणून. मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी गेले.

"काल इथेच म्हणाला होतात ना?"

"इथेच."

"आहे," तो म्हणाला. "कसला बारीक आहे..." त्याचे डोळे भरले होते. कान सापडला म्हणून की दहा वर्षं हुकली म्हणून, मी विचारलं नाही. काही प्रश्न मलाही आवरता येतात.

मग तो उठला आणि थेट साहेबांपाशी गेला. खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. डावा कान गेलाय, दोन्ही खड्डे माझ्या चुकीनं झाले, मशीन यायच्या आत एक शेवटचा खड्डा द्या, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. साहेबांनी कागद वाचला, घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ते म्हणाले, तास आहे तुझ्याकडे.

कंबरभर खोल गेल्यावर माती ओली लागली. आणखी हातभर गेल्यावर फावडं बुडालं. जुना बिडाचा पाइप अंगभर तडकला होता आणि सगळं पाणी शेजारच्या विसरल्या गेलेल्या जुन्या गटारात, गुपचूप, कुणाला न दिसता वाहून जात होतं. माझ्या दोन दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं आणि मी मात्र चिखलानं माखलेल्या एका माणसाकडे बघत होते.

पुढचं काम भराभर झालं. व्हॉल्व्ह बंद केले, तडकलेल्या भागाला पोलादी पट्टा आवळला, औषध टाकून पाइप धुतला. रस्त्याच्या टोकाला लाल मातकट पाणी तासभर सोडून दिलं, निवळेपर्यंत. इस्पितळाच्या नर्सनं नळ उघडा ठेवून पाणी यायची वाट बघितली आणि आल्यावर नळालाच नमस्कार केला. तरीही दोन दिवस उकळूनच प्यायचं होतं. पाण्याचे नमुने दोनदा तपासून चांगले आल्याशिवाय खातं परवानगी देत नाही. तो रोज येऊन सांगून जायचा, पहिला नमुना चांगला आला, दुसरा गेलाय. हे फोनवरही सांगता आलं असतं. आम्ही दोघांनीही ते सुचवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, आता बिनधास्त प्या. साहेबांनी त्याला कामावरून काढलं नव्हतं. उलट सगळ्या गळतीवाल्यांचे कान तपासून घ्यायचे असं ठरलं होतं.

"म्हणजे मला आणखी गिऱ्हाइकं," मी म्हणाले.

"सहा. सगळी माझ्याहून म्हातारी." मग तो उगाच दाराची कडी चाचपत म्हणाला, "संध्याकाळी टाकी भरायची आहे. धुण्यासाठी आज पूर्ण रिकामी केली होती. बघायला याल?"

आजवर मला कुणी सिनेमाला बोलावलं होतं, बागेत बोलावलं होतं. टाकीवर कुणी बोलावलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले.

टाकी टेकाडावर होती, उंच खांबांवर. जिना गोल गोल वर जाणारा. खाली रखवालदार काका खुर्ची टाकून बसले होते. वर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खाली आमचा सगळा भाग काड्यापेट्यांसारखा दिसत होता. त्यानं झाकण उघडलं. आत पाण्याचा लोंढा कोसळत होता. असा आवाज की छातीत घुमावा. गार तुषार चेहऱ्यावर आले. मी वाकून बघत होते आणि तो माझ्याकडे बघत होता.

तो काहीतरी बोलला.

"काय?" मी ओरडून विचारलं.

तो जवळ आला. जरा मोठ्यानं म्हणाला, "मला तू आवडतेस."

तू. आत्तापर्यंत तुम्ही होतं. मी कानामागे हात धरला. "अं?"

त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ते वाक्य अख्ख्या टेकाडाला ऐकवलं. खालून रखवालदार काकांचा आवाज आला, "अगं पोरी, मला इथं खाली ऐकू आलं. तुला कसं नाही आलं?"

मला हसू आवरेना. तो आधी गोंधळला, मग त्याला कळलं, मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्यानं झाकण लावलं. एकदम शांत झालं.

"रविवारी घरी ये," मी म्हणाले. "आईला सांगून ठेवते."

"काय सांगशील?"

"अजून ठरलं नाही... पण खाली उतरेपर्यंत ठरेल."

जिन्याला एकशे बारा पायऱ्या होत्या. आम्ही फार सावकाश उतरलो.